स्टीलच्या ग्रिडलला लोखंडी तव्याचे उपचार नकोत

प्रश्न असा आहे: ऐरोलीत खाडीच्या बाजूला रो-हाउसच्या गच्चीवर दोन बर्नरचं स्टेनलेस स्टीलचं ग्रिडल, म्हणजे गॅसवरचा मोठा सपाट तवा, आहे, प्लेट 600 बाय 450 मिलिमीटर. पावसाळाभर ते कव्हरखाली होतं. आता मधोमध काळी खरपुडी आहे, तिच्या आजूबाजूला तांबूस ठिपके आहेत, डावा कोपरा तापत नाही आणि डोसा, थालीपीठ काहीही टाकलं तरी चिकटतं. शेजारचे म्हणतात अ‍ॅसिड टाका. कुणी म्हणतं, लोखंडी तव्यासारखं तेल जाळून मुरवा. काय करावं?

उत्तर:

दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. अ‍ॅसिडने प्लेट कायमची खराब होईल आणि तेल जाळल्याने आहे त्या खरपुडीवर आणखी एक थर चढेल.

स्टेनलेसला गंज धरत नाही हे अर्धंच खरं. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की या क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा. ओरखडा पडला तरी तो आपला आपण पुन्हा बनतो. त्यासाठी खालचा धातू स्वच्छ हवा आणि त्याला हवा लागायला हवी. मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा फोडतं. खरपुडीखाली, स्क्रूच्या वायसरखाली, भिजलेल्या कव्हरखाली मीठ आणि ओल दोन्ही असतात, हवा मात्र पोचत नाही, आणि फुटलेला पापुद्रा तिथे पुन्हा धरत नाही. तुमचे ठिपके नेमके कुठे आहेत ते वाकून बघा. बहुतेक खरपुडीच्या काठाला आणि नटबोल्टांभोवती दिसतील. उघड्या, घासलेल्या भागावर फार थोडे असतील. म्हणजे काळी खरपुडी आणि तांबूस ठिपके हे दोन आजार दिसत असले तरी मूळ एकच आहे.

प्लेट कुठल्या स्टीलची आहे यावरही बरंच ठरतं. बाजारात तीन प्रकार जास्त सापडतात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. 430 मध्ये निकेल जवळजवळ नसतंच. फ्रिजवरचा लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर 430 च्या जातीचं समजा. खाडीकाठच्या हवेत ते सगळ्यांत आधी डागाळतं. चिकटला नाही तर लगेच 304 म्हणून खूश होऊ नका, कारण 202 लाही चुंबक चिकटत नाही. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, थ्री नॉट फोर’ म्हणतो तेव्हा त्याने सिद्ध काहीच केलेलं नसतं. उलट अस्सल 304 च्या वाकवलेल्या कडांना चुंबक किंचित ओढला जातो, त्याने घाबरायचं कारण नाही. फरक कळायचा तर फॅब्रिकेटर किंवा भंगारवाले वापरतात ती थेंबाची टेस्ट (स्टीलवर रसायनाचा थेंब टाकून रंग बघतात ती) करून घ्यावी, नाहीतर खरेदीच्या वेळचा कागद शोधावा. 202 असेल तरी खालची सगळी पद्धत तीच, फक्त आळशीपणाला सवलत नाही.

आता कामाचा क्रम. आधी चिकटा, मग गंज, मग उष्णता. हा क्रम उलटा करून उपयोग नाही. तेलाच्या थरातून आम्ल आत शिरत नाही, त्यामुळे चिकट्यावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतून नुसता वास येतो.

खरपुडी म्हणजे तापून घट्ट झालेलं तेल. तेल 200 अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वार्निशसारखा थर होतो. त्यात साखर, कांदा, बटरमधला दुधाचा अंश जळून मिसळला की तो काळा पडतो. भांड्याच्या साबणाला हा थर दाद देत नाही, अल्कली मात्र त्याला फोडते. म्हणून इथे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडाही चालतो, पण तो सौम्य आहे, वेळ घेतो.

आधी थंड प्लेटवरची सुटी काजळी स्क्रॅपरने कोरडीच काढा. तेलाच्या ट्रेकडे जाणारं भोक घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्याने बुजवा. प्लेटचा उतार भोकाकडे असतो, तेव्हा त्या बाजूच्या पायांखाली पातळ फळकुटं सरकवून ती सपाट करा. 600 बाय 450 च्या प्लेटवर एक लिटर पाणी जेमतेम साडेतीन-पावणेचार मिलिमीटर उभं राहतं, म्हणून दीड लिटर गरम पाणी घ्या आणि त्यात तीन मोठे चमचे, म्हणजे 45 ग्रॅमच्या आसपास, धुण्याचा सोडा विरघळवा. हातात रबरी मोजे हवेत. गॅस अगदी मंद ठेवून 15 ते 20 मिनिटं पाणी नुसतं हुळहुळू द्या. खळखळ उकळवलंत तर ते कडेवरून उतू जाऊन बर्नरवर पडेल. आटलं तर गरम पाण्याची भर घाला, थंड नको. थोड्या वेळाने पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि खरपुडीच्या कडा सोललेल्या पापडीसारख्या उचलल्या जाऊ लागतात. गॅस बंद करा, पाणी कोमट होऊ द्या आणि स्क्रॅपर 30 ते 40 अंशांत आडवा धरून ढकला. उभा धरला तर तो धातूत चरे पाडतो. एका फेरीत सगळं निघत नाही. जुनं किटण असेल तर दोन किंवा तीन फेऱ्या कराव्या लागतात, आणि दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा जास्त सुटतं.

कडेच्या उभ्या भिंतींवर पाणी पोचत नाही. तिथे खाण्याच्या सोड्याचा लेप लावा, तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी. वर ओलं फडकं टाकून दोन-तीन तास ठेवा आणि मग घासा. बाजारातले कॉस्टिकवाले ओव्हन क्लीनर याहून जलद काम करतात. पण डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे नसतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका, आणि लेबलवर स्टेनलेस चालतं असं लिहिलेलं असेल तरच घ्या. तुमच्या ग्रिडलचा ट्रे किंवा बर्नरची टोपी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती आधी काढून ठेवा. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं, धुण्याचा सोडाही त्याला काळं पाडतो.

घासायला काय वापरायचं? काथ्या, नारळाची शेंडी किंवा हिरवी घासणी. घासायचं ते प्लेटच्या रेघांच्या दिशेने. ब्रश-फिनिश प्लेटवर बारीक समांतर रेघा असतात. त्यांना आडवं किंवा गोल गोल घासलं की चरे कायमचे दिसतात आणि त्यात पुढचं तेल अडकतं. लोखंडी तारेची घासणी प्लेटला लावूच नका. तिचे कण स्टीलमध्ये रुततात, पहिल्या दमट रात्री ते गंजतात आणि मग स्टीलच गंजलं असं वाटतं. तारेचा ब्रश दुसऱ्या कारणासाठी वाईट. त्याची तार तुटून प्लेटला चिकटते, जेवणात जाते, आणि घशात किंवा आतड्यात टोचल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

चिकटा गेल्यावर ठिपक्यांकडे वळा. त्यांचे तीन प्रकार असतात आणि ओळखायला नख पुरतं. नखाने खरवडल्यावर ठिपका निघाला आणि खाली चकचकीत धातू दिसला, तर तो बाहेरून आलेल्या लोखंडाचा गंज. वर सांगितलेली तारेची घासणी हे त्याचं एक कारण. दुसरं कारण वसाहतीत सर्रास दिसतं. शेजारच्या खिडकीच्या ग्रिलचं वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चाललेलं असतं आणि ठिणग्या उडून तुमच्या गच्चीवर पडतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. असे ठिपके मोहरीच्या दाण्याहून लहान असतात आणि प्लेटच्या एकाच बाजूला शिंपडल्यासारखे दिसतात. आजूबाजूला असलं काम सुरू असेल तर ग्रिडल आत घ्या किंवा त्यावर जुनी चादर टाका.

दुसरा प्रकार म्हणजे पृष्ठभागभर चहाच्या ओघळांसारखा तपकिरी रंग. खाऱ्या हवेत महिनोन् महिने न धुतलेल्या स्टीलला तो येतो. दिसायला वाईट, पण वरवरचा असतो. तिसरा प्रकार मात्र गंभीर. तांबूस ठिपका पुसला तरी मधे सुईच्या टोकाएवढा काळा खड्डा उरतो आणि नख त्यात अडकतं. हे पिटिंग. धातू तिथून गेलेला असतो, तो परत येत नाही.

पहिल्या दोन प्रकारांना सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, उत्तम. एक लिटर गरम पाण्यात 100 ग्रॅम विरघळवा. पाणी हाताला चांगलं चटका देईल एवढं, 50 ते 60 अंश असावं. जुनं सुती फडकं त्यात भिजवून डागांवर पसरा आणि 20 ते 30 मिनिटं ओलं ठेवा, सुकायला लागलं की पुन्हा शिंपडा. मग फडकं उचला, हिरव्या घासणीने हलकं घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याचा एक हात फिरवा, म्हणजे उरलंसुरलं आम्ल मरतं, आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. कोरडं पुसून दिवसभर उघडं राहू द्या. स्टेनलेस उपकरणं बनवणारे कारखाने याच आम्लाने पॅसिव्हेशन करतात, म्हणजे पापुद्रा नीट धरावा म्हणून पृष्ठभाग साफ करतात. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ए 967 या मानकात 4 ते 10 टक्के सायट्रिकची पद्धत दिलेली आहे. आम्ल पृष्ठभागावरचं सुटं लोखंड काढतं आणि क्रोमियमला हवेशी मोकळं करून देतं, पापुद्रा धरण्याचं काम मग हवाच करते.

लिंबू आणि मीठ एकत्र चोळण्याची तांब्या-पितळेची सवय इथे नको. लिंबू चालेल, मीठ नाही. चिंचेत मीठ नसेल तर तीही चालते, पण लिंबूफूल स्वस्त आणि मोजून घेता येण्यासारखं आहे.

खड्डे पडले असतील आणि वरवरचे असतील, तर 400 नंबरचा वॉटर पेपर ओला करून रेघांच्या दिशेने चालवा, नंतर 600 चा, आणि शेवटी वरची सायट्रिकची कृती करा. पेपर नवाच हवा. लोखंडी गेटवर चाललेला पेपर वापरलात तर पुन्हा लोखंडाचे कण रुततील. खोल खड्ड्यांच्या मागे लागू नका. जाड प्लेटला त्यांनी भोक पडत नाही, फक्त तिथे अन्न अडकतं, तेवढा भाग सफाईत लक्षात ठेवायचा.

आता अ‍ॅसिडबद्दल, कारण शेजारी पुन्हा सांगणारच. बाटलीत मिळणारं ‘अ‍ॅसिड’ आणि टॉयलेट क्लीनर या दोन्हींत बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे आम्ल आणि क्लोराइड एकाच घोटात. ओतल्यावर प्लेट क्षणभर पांढरीस्वच्छ दिसते, आणि आठवड्याभरात खरखरीत होऊन सगळीकडून तांबूस पडते. ब्लीचचंही तसंच. त्यात एक छुपी वाट आहे. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं म्हणून आपण ब्लीचिंग पावडर टाकून खराटा मारतो, आणि ग्रिडल तिथेच कोपऱ्यात उभं असतं. त्याच्या पायांवर आणि खालच्या कपाटावर शिंतोडे उडतात आणि सुकतात. शेवाळ काढायच्या दिवशी ग्रिडल आत ढकला. नाहीच जमलं तर काम झाल्यावर ते खालपासून वरपर्यंत साध्या पाण्याने धुवा. ब्लीच आणि कुठलंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्लेटवर निळे-जांभळे इंद्रधनुषी पट्टे असतील तर ते गंज नाहीत. स्टील 300 अंशांच्या आसपास गेलं की पापुद्रा जाड होऊन पिवळसर दिसतो, आणखी तापलं की तपकिरी, जांभळा, निळा. अन्नाला त्याचा अपाय नाही. फिकट रंग व्हिनेगरने उतरतो. गडद निळा उतरवायला घासावंच लागतं, आणि तो पुढच्या रविवारी परत येतो. बर्नरच्या बरोबर वर निळे गोल उमटत असतील तर एवढंच समजा की तुम्ही आच फार मोठी ठेवता.

इथून चिकटण्याच्या आणि न तापणाऱ्या कोपऱ्याच्या प्रश्नाला सुरुवात होते. स्टेनलेस उष्णता वाहून नेण्यात मठ्ठ आहे. 304 ची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला साधारण 16 वॅट, साध्या लोखंडी पत्र्याची 50 च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची 200 च्या वर. त्यामुळे ज्वाळेवरचा गोल भाजून निघतो आणि वीतभर अंतरावरचा कोपरा थंड राहतो. घाईने मोठी आच केली की हा फरक वाढतो. दोन्ही बर्नर मंद ते मध्यम ठेवून 6 मिलिमीटरच्या प्लेटला 10 ते 12 मिनिटं द्या. मग पाण्याचा थेंब टाका. तो चर्र करून तिथेच आटला तर प्लेट अजून कमी तापलेली आहे. पाऱ्याच्या गोळीसारखा घरंगळायला लागला तर ती 200 अंशांच्या आसपास आहे. डोशाला आणि थालिपीठाला हे जास्त होतं, तेव्हा आच कमी करून ओल्या फडक्याचा हात फिरवा, अर्ध्या कांद्याने तेल चोळा आणि मग पीठ टाका. मासा किंवा पनीर टाकलं की लगेच उलथणं घालू नका. खालची बाजू भाजून कडक झाली की ते स्वतःच सुटतं. आधी ओढलंत तर अर्धं प्लेटवर राहतं आणि त्याचीच उद्या खरपुडी होते.

तापमान मोजायची इन्फ्रारेड गन घेतली असेल तर चकचकीत स्टीलवर तिचा आकडा मानू नका. चमकणारा धातू उष्णता फार कमी उत्सर्जित करतो, त्यामुळे 200 अंशांच्या प्लेटवर गन निम्म्याहूनही कमी आकडा दाखवू शकते. तेलाचा पातळ हात फिरवून त्या जागी मोजलं तर आकडा बराच खरा येतो.

कोपरा थंड राहण्यामागे प्लेटला आलेला बाकही असू शकतो. 304 लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. 600 मिलिमीटर लांबीची प्लेट 200 अंशांनी तापली की सुमारे 2 मिलिमीटर लांबते. चारही कोपरे बोल्टने करकचून आवळले असतील तर या 2 मिलिमीटरना जायला जागा नसते आणि प्लेट मधे फुगते. तेल कडेला पळतं, मधला भाग कोरडा जळतो. तुमची खरपुडी मधोमधच आहे, म्हणून हे तपासाच. थंड प्लेटवर लांब स्टीलची पट्टी उभी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा, आणि नंतर गरम असतानाही बघा. फक्त गरम असताना फुगत असेल तर एका बाजूचे बोल्ट अर्धा फेरा सैल करा, किंवा फॅब्रिकेटरकडून तिथली भोकं लांबट करून घ्या. थंड असतानाही फट दिसत असेल तर बाक कायमचा आहे. असा कायमचा बाक बहुतेक वेळा तापलेल्या प्लेटवर तांब्याभर थंड पाणी ओतण्याच्या सवयीने येतो.

यावरून रोजच्या सफाईकडे. ती जमली तर वरची सोड्याची कवायत वर्षातून एकदा करावी लागेल. स्वयंपाक झाल्यावर गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा. सुटं तेल आणि तुकडे कोरड्याने ट्रेमध्ये लोटा. प्लेट 150 अंशांवर आली की पाण्याचा थेंब घरंगळत नाही, दोन-तीन सेकंदांत उकळून जातो. तेव्हा गरम पाणी घ्या, एकूण अर्धी वाटी, 100 मिलिलिटरच्या आसपास, आणि मागच्या कडेपासून तीन वेळा थोडं थोडं सोडा. वाफेचा लोट येतो, तोंड मागे ठेवा. वाफ निघत असतानाच स्क्रॅपर चालवा. काजळी मऊ होऊन पाण्याबरोबर ट्रेमध्ये उतरते. कोमट झाल्यावर एक लिटर पाण्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड घालून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा. शेवटी दोन मिनिटं बर्नर पेटवून ओल उडवा. हवेवर सुकवायला ठेवू नका. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पांढरे क्षाराचे ठिपके उरतात, आणि पाणी खारट असेल तर मीठही.

पावभाजी आणि मासे केल्यावर ही सफाई त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. टोमॅटोचं आम्ल, मीठ आणि खारट बटर रात्रभर प्लेटवर बसलं तर सकाळी प्लेटवर भाजीच्या आकाराचा मंद डाग दिसतो. सगळ्यांत वाईट आगळ. कोकमाचं आगळ मिठात मुरवलेलं असतं, म्हणजे आम्ल आणि मीठ दोन्ही आयतंच. सुरमईला आगळ लावून तळलंत तर प्लेटच्या कडेला गुलाबी ओघळ उरतो. तो सुकला की दिसेनासा होतो, पण तिथेच असतो. कडांच्या वळणात बोट फिरवून बघा, चिकट लागलं की पुन्हा पुसा.

तेल जाळून मुरवण्याचं काय? लोखंडी तवा खरखरीत असतो, तिथे तेलाचा थर धरतो आणि गंजापासून राखण करतो. स्टेनलेसच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो पापुद्र्यांनी सुटतो आणि डोशाला काळे तुकडे लागतात. स्वयंपाकाच्या सुरुवातीला तेलाचा पातळ हात देऊन थोडं धुरकट करणं ठीक आहे, त्या दिवसापुरता चिकटपणा कमी होतो. कायमचा काळा थर करण्याच्या मागे लागू नका. ज्यांना रोज 40 डोसे घालायचे आहेत त्यांनी सरळ लोखंडी प्लेट घ्यावी. या कामाला स्टेनलेस दुय्यमच आहे, ते विकणारे हे सांगत नाहीत इतकंच.

बर्नरकडे फार वेळ घालवायची गरज नाही, पण पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी तो काढून आतून बघाच. कुंभारीण माशी नळीच्या तोंडाशी मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो. नळी अर्धवट बुजली की ज्वाळा पिवळी होते, प्लेटच्या पोटाला काजळी धरते, आणि कधी कधी आग उलटी नळीत शिरून नॉबपाशी येते. नळी बाटली घासायच्या लांब ब्रशने साफ करा. ज्वाळेची भोकं लाकडी दातकोरणीने, आणि जेट, म्हणजे गॅस जिथून सुटतो ते बारीक भोकाचं टोक, तर फुंकूनच. जेटमध्ये सुई घातली की भोक मोठं होतं आणि गॅसचं प्रमाण बिघडतं. एकाच बाजूची ज्वाळा लहान असेल तर डावा कोपरा न तापण्याचं कारण कदाचित इथेच सापडेल. सिलिंडर सोडून महानगर गॅस कंपनीचा पाइप गॅस जोडणार असाल तर जेट बदलावे लागतात, कारण दोन्हींचा दाब आणि लागणारं भोक वेगळं आहे. ते काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. रबरी नळीवर आयएसआय खूण आणि वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की बदला, गच्चीतल्या उन्हात तडे दिसले तर त्याआधीच. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना बघा.

तेलाचा ट्रे अर्धा भरायच्या आत रिकामा करा. त्यातल्या तेलाने पेट घेतलाच तर आधी नॉब आणि रेग्युलेटर बंद, मग झाकण किंवा खाण्याचा सोडा. पाणी ओतलं तर पेटतं तेल उडतं.

पावसाळ्यासाठी कव्हरची समजूत बदला. प्लास्टिकचं कव्हर पाऊस अडवतं तशी ओलही आत कोंडतं, आणि तुमच्या प्लेटचं निम्मं नुकसान तिथे झालं. जूनच्या आधी प्लेट सोड्याने धुवा, कोरडी करा, तेल लावू नका. महिनाभर पडलेलं तेल चिकट होतं आणि धूळ, मीठ दोन्ही धरून ठेवतं. शक्य असेल तर प्लेट उचलून घरात नेऊन उभी ठेवा. 6 मिलिमीटरची ही प्लेट साधारण 13 किलोची असते, दोघांनी उचलावी. सांगाड्यावर कव्हर टाकायचंच तर खाली वीतभर उघडं ठेवा आणि पावसाने उघडीप दिली की काढून टाका. कपाटात ओल शोषणाऱ्या डब्या ठेवायची पद्धत आहे. त्यातल्या पांढऱ्या दाण्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं आणि डबीत साठणारं पाणी म्हणजे दाट क्षारजल. डबी कलंडली की स्टीलचं काम तमाम. त्याऐवजी सिलिका जेल वापरा. पायांचे आणि कपाटाचे स्क्रू बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात, त्यांचा गंज ओघळून स्टीलवर उतरतो. एम 6 किंवा जो माप असेल त्याचे 304 चे स्क्रू आणि वायसर घालून टाका, खर्च किरकोळ आहे.

हे सगळं करून नवी प्लेटच घ्यायची वेळ आली, तर तुर्भे, रबाळे किंवा ठाण्यात वागळे इस्टेटमधला फॅब्रिकेटर मापाप्रमाणे कापून देईल. 304 मागा, जाडी 6 मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे स्टील कारखान्याचा तपासणीचा दाखला, बघून त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा क्रमांक) पत्र्यावरच्या नंबराशी जुळवून घ्या. कापलेल्या कडा गोल घासून घ्या. वेल्डिंग असेल तर तिथली काळी-निळी झाक पिकलिंग करून, म्हणजे खास आम्लाचा लेप लावून, काढायला सांगा, नाहीतर पहिला गंज तिथेच दिसेल. खाडीला अगदी लागून राहत असाल तर 316 चा भाव विचारायला हरकत नाही. त्यातलं मॉलिब्डेनम क्लोराइडला जास्त तोंड देतं. आणि प्लेटवरची निळी किंवा पांढरी प्लास्टिकची फिल्म पहिल्यांदा तापवायच्या आधी पूर्ण सोला. बोल्टखाली आणि कडेच्या वळणात तिची पट्टी राहून जाते, म्हणून बोल्ट सोडवून तिथेही बघा.